जुना झिऑन की नवा आय३? स्वस्त गेमिंग संगणकाच्या दोन जोडण्या, दीड वर्षाच्या वापरानंतर

२०२४ च्या जुलै महिन्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला, की भाच्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आहे, त्याला संगणक लागणारच आहे, त्यावर तो अभ्यासापेक्षा गेमच जास्त खेळणार हेही तिला कळते आहे, तेव्हा ४८ हजारांच्या वर एक रुपयाही न जाता काय बसते ते मी पाहावे. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस घरात होते. दुसऱ्याच दिवशी भाच्याची यादी आली आणि तिच्या शिरोभागी इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा सर्व्हरमधून निघालेला जुना प्रोसेसर होता. खाली त्याने लिहिले होते : "मामा, चौदा कोअर आणि अठ्ठावीस थ्रेड अडीच हजारांच्या आत मिळतायत, मग आय३ च्या चार कोअरना आठ हजार कशाला मोजायचे?"

कोअर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे मेंदू, थ्रेड म्हणजे ते एका वेळी हाताळू शकतात त्या कामांच्या रांगा, आणि आय३ हा इंटेलचाच नवा, साधा प्रोसेसर. प्रश्न रास्त होता आणि नुसत्या मतांवर त्याचे उत्तर देणे मला बरे वाटेना. मी पुण्यात लग्नसमारंभांच्या चित्रणाचे संपादन करतो आणि मलाही रात्रभर रेंडर (चित्रफितीची अंतिम आवृत्ती तयार करण्याचे काम) लावून ठेवण्यासाठी एक वेगळा संगणक हवाच होता. म्हणून मी दोन्ही जोडण्यांचे सामान आणले, एकच ग्राफिक्स कार्ड आणि एकच एसएसडी आलटूनपालटून दोन्हींना लावले, आणि ज्यावर गेम अधिक चांगले चालतील तो भाच्याला द्यायचा, उरेल तो मी ठेवायचा असे ठरवले. त्याला आता दीड वर्ष झाले असून दोन्ही संगणक रोज चालू आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्यात न दिसलेल्या गोष्टीही लिहिता येतील.

हा प्रोसेसर इतका स्वस्त का, ते आधी समजून घेतलेले बरे. इंटेलने तो २०१६ साली सर्व्हरसाठी बाजारात आणला. चौदा कोअर, २.४ गिगाहर्ट्झ मूळ वेग, फार तर ३.३ गिगाहर्ट्झ टर्बो (गरजेपुरता वाढणारा वेग), ३५ एमबी कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान स्मृती) आणि १२० वॅटची उष्णतामर्यादा असा त्याचा कागदावरचा जामानिमा आहे. डेटा सेंटरमधले सर्व्हर काही वर्षांनी ठरल्याप्रमाणे बदलले जातात, कारण जुन्या यंत्रांना लागणारी वीज आणि व्यापलेली जागा तिथे परवडत नाही. मग हजारो प्रोसेसर आणि रॅमच्या पट्ट्या एकदमच भंगाराच्या भावाने बाहेर पडतात. ज्या २०११-३ नावाच्या सॉकेटमध्ये (खोबणीत) हा प्रोसेसर बसतो त्याचे बोर्ड (मदरबोर्ड) नामांकित कंपन्यांनी कधीच बंद केले आहेत. ती पोकळी चीनमधल्या छोट्या कारखान्यांनी भरून काढली आणि 'एक्स९९' या नावाने नवे बोर्ड छापायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत जे मिळते ते हेच : नवा चिनी बोर्ड, जुना झिऑन आणि जुनी सर्व्हर रॅम.

मी ग्रँट रोडला उतरून भर पावसात लॅमिंग्टन रोडला गेलो आणि तिथल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानातून झिऑनचा संच घेतला. काउंटरवर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अंड्यांसारखे प्रोसेसर मांडलेले होते. माझ्या हाती आलेल्या प्रोसेसरच्या पाठीवर वाळून राखेसारखी झालेली थर्मल पेस्ट होती. घरी आल्यावर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली तेव्हा खालून कोरलेला क्रमांक स्वच्छ दिसू लागला आणि त्याच्या शेजारी कोणीतरी काळ्या मार्करने काढलेला सात हा आकडाही. कुठल्या रॅकमधला सातवा, कोण जाणे. प्रोसेसरबाबत मात्र भीती बाळगण्याचे कारण नाही. वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर चाललेला प्रोसेसर सहसा खराब होत नाही, आणि माझ्याकडच्याने दीड वर्षात एकदाही कुरकुर केलेली नाही. या सौद्यात जोखीम असते ती बोर्डाची.

ती मला पहिल्याच संध्याकाळी भोवली. ८ जीबीच्या चार पट्ट्या लावल्या होत्या आणि बायोसमध्ये (बोर्डावरच्या, संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) दिसत होते २४ जीबी. पट्ट्यांची अदलाबदल केली, तरी चौथा स्लॉट रिकामाच. दुकानदाराला फोन लावला, तर त्याचे म्हणणे की पट्टी बदलून देतो, या मुंबईला. शेवटी कूलर उतरवला, सॉकेटच्या दोन्ही खिट्ट्या उघडल्या (या सॉकेटला दोन खिट्ट्या असतात आणि त्या कोणत्या क्रमाने उघडायच्या याच्या खुणा तिथेच कोरलेल्या असतात), प्रोसेसर बाजूला ठेवला आणि मोबाइलची बॅटरी तिरकी धरून दोन हजारांवर पिनांच्या त्या शेतात डोके घातले. कडेच्या ओळीत एक पिन शेजारणीच्या अंगावर रेलली होती. बोर्ड घेताना सॉकेटवर झाकण नव्हते हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. शिवणकामाच्या बारीक सुईने, श्वास रोखून, ती पिन सरळ केली आणि चौथी पट्टी दिसू लागली. सुई थोडी जास्त सरकली असती तर बोर्ड गेला असता, आणि वाकलेल्या पिनेला सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी लागू होत नाही, हे कच्च्या बिलाच्या मागे हिंदीत छापलेले होते.

बोर्डाविषयी आणखी एक सांगण्यासारखे आहे. खोक्यावर एक्स९९ लिहिलेले असले, तरी चिपसेटवरचा (बोर्डावरच्या सहायक चिपवरचा) उष्णताशोषक काढून पाहिल्यावर खाली निघाली ती डेस्कटॉपच्या जुन्या बोर्डावरून उपटून पुन्हा बसवलेली बी८५ ही चिप. ही फसवणूक म्हणावी की काटकसर, हे ज्याने त्याने ठरवावे. या प्रोसेसरमध्ये रॅमचे नियंत्रण आणि ग्राफिक्स कार्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस वाहिन्या प्रोसेसरमधूनच निघतात, चिपसेटकडे राहते ते साटा (डिस्कच्या जोडण्या), यूएसबी आणि आवाज एवढेच, म्हणून असली उसनी चिप लावूनही संगणक चालतो. मात्र यूएसबीची संख्या, झोपेतून उठणे, पंख्यांचा वेग सांभाळणे अशा बारीकसारीक गोष्टींत त्या जुगाडाचे डाग दिसत राहतात. स्वस्तातल्या काही बोर्डांवर तर रॅमच्या दोनच वाहिन्या काढलेल्या असतात. चार वाहिन्या हा या प्रोसेसरचा मुख्य गुण असताना त्यातल्या अर्ध्या कापून टाकल्या, तर मग उरते काय?

आता हिशेब. जुलै २०२४ मध्ये मला झिऑन २,३०० रुपयांना, बोर्ड ६,४०० ला, ८ जीबीच्या चार रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीच्या) पट्ट्या प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६०० ला आणि दोन नळ्यांचा टॉवर कूलर १,५०० ला पडला, म्हणजे सगळे मिळून १३,८०० रुपये. दुसऱ्या बाजूला आय३-१२१००एफ ८,२०० ला, एच६१० चिपसेटचा नामांकित बोर्ड ६,१०० ला आणि ३,२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या ३,५०० ला मिळाल्या, म्हणजे १७,८००. कूलर खोक्यातच होता आणि तिन्ही वस्तूंना पक्के बिल व कंपनीची वॉरंटी होती. फरक चार हजारांचा. पण झिऑनसाठी मी ४५० ऐवजी ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) घेतला, तो ८०० रुपयांनी महाग पडला, आणि कूलर पुण्यात न मिळाल्याने दिल्लीहून मागवावा लागला, त्याचे ४५० रुपये कुरिअरला गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार : प्रोसेसरमध्ये वाचलेल्या सहा हजारांपैकी प्रत्यक्षात हाती राहिले २,७५० रुपये. हेही कबूल केले पाहिजे, की त्या कमी पैशांत झिऑनकडे रॅम दुप्पट होती.

दोन्हींना एएमडीचे आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड लावले आणि १०८० पी वर गेम चालवले. आकडे माझ्या घरचे आहेत, प्रयोगशाळेतले नाहीत, तेव्हा ते अंदाज म्हणूनच घ्यावेत. व्हॅलोरंटमध्ये झिऑन सेकंदाला १५० ते १७० फ्रेम (चित्रे) देत होता आणि धूर, स्फोट, पाच-सहा खेळाडू एकत्र आले की शंभराच्या खाली येत होता. आय३ त्याच ठिकाणी तीनशेच्या आसपास राहिला. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये झिऑन ११० वर रेंगाळला, आय३ ने १९० गाठले. जीटीए ५ तसा जुना गेम, पीसीवर २०१५ पासूनचा, त्यामुळे इथे दोघे बरोबरीत सुटतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात शहरातून वेगाने गाडी हाकताना झिऑन ७५ वर आणि आय३ १२० च्या वर होता. क्रिकेट २४ मध्ये काहीच फरक जाणवला नाही. सायबरपंक २०७७ मध्ये सरासरी दोन्हींकडे साठीच्या घरात आली, कारण तिथे ग्राफिक्स कार्डच थकलेले असते. मात्र बाजारपेठेच्या गर्दीतून चालताना झिऑनवर चित्र मधूनमधून अडखळत होते.

सरासरीपेक्षा हे अडखळणे महत्त्वाचे, असे माझे मत झाले आहे. भाच्याचा मॉनिटर तेव्हा ७५ हर्ट्झचा होता, म्हणजे दीडशे आणि तीनशे फ्रेममधला फरक त्या पडद्यावर दिसणारच नव्हता. तरी कोणता संगणक कुठला हे न सांगता मी त्याला दोन्हींवर अर्धा अर्धा तास व्हॅलोरंट खेळायला बसवले, तेव्हा दहाव्या मिनिटाला त्याने झिऑनकडे बोट दाखवून सांगितले, "मामा, हा मधेच खोकतो." आकड्यांचा तक्ता करून मला जे सांगता आले नसते ते त्या एका वाक्यात आले.

कारण सोपे आहे. गेममधले पुष्कळसे काम अनेक कोअरमध्ये वाटता येत असले, तरी प्रत्येक फ्रेमचा मुख्य हिशेब बहुधा एकाच थ्रेडवर चालतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहतात. पंगतीत वाढपी चौदा असले आणि भात शिजवणारा आचारी एकच असला, तर पान आचाऱ्याच्या वेगानेच वाढले जाणार. झिऑनचा एक कोअर फार तर ३.३ गिगाहर्ट्झला पोहोचतो आणि सगळे कोअर कामाला लागले की २.९ वर येतो. आय३ चा कोअर ४.३ पर्यंत जातो. शिवाय मधल्या सहा वर्षांत कोअरची रचनाच बदलली आहे, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात नवा कोअर जुन्यापेक्षा बरेच जास्त काम उरकतो. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका कोअरच्या चाचणीत आय३ चे गुण झिऑनच्या जवळपास दुप्पट आले. चार वाहिन्यांच्या रॅममुळे झिऑनची बँडविड्थ कागदावर सेकंदाला ७६.८ जीबी होते, आय३ ची ५१.२, पण गेमला एका वेळी पुष्कळ माहिती मिळण्यापेक्षा थोडी माहिती चटकन मिळणे हवे असते, आणि सर्व्हरचा प्रोसेसर त्यासाठी घडवलेलाच नाही. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर असे, की आठ हजार आपण चार कोअरना मोजत नसून त्यातल्या पहिल्या कोअरच्या चपळाईला मोजत असतो.

रेंडरला बसवले की मात्र चित्र उलटते. ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्रॅममधले एक दृश्य, जे मी लग्नाच्या शीर्षकासाठी वारंवार वापरतो, झिऑनने सात मिनिटांत पुरे केले आणि आय३ ला अकरा लागली. एका वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवणारे, व्हिडिओ कन्व्हर्ट करणारे, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करणारे यांना एवढ्या पैशांत इतके कोअर दुसरीकडे मिळायचे नाहीत. माझ्या कामासाठी तो आजही उत्तम आहे आणि तसे म्हणताना मला कुठेही हात आखडता घ्यावासा वाटत नाही.

विजेचे गणित बहुतेक लोक करत नाहीत. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर, नुसते डेस्कटॉप उघडून ठेवले असता झिऑनचा संच ८२ वॅट खात होता आणि आय३ चा ४६. सायबरपंक चालू असताना अनुक्रमे २७० आणि २००. रोज चार तास खेळ आणि तीन तास किरकोळ वापर धरला, तर वर्षाला साधारण १४० युनिटचा फरक पडतो. घरगुती युनिट सरासरी दहा रुपयांचे मानले, तर हे १,४०० रुपये झाले, म्हणजे वाचलेले २,७५० रुपये दोन वर्षांत महावितरणाकडे जमा होतात. साताऱ्यात ताईच्या घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. वीज गेल्यावर त्यावर झिऑन किती मिनिटे तग धरेल याचाही विचार करावा लागला.

रोजच्या वापरातल्या कुरबुरी अशा, की झिऑनचा संच बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत जवळजवळ पाऊण मिनिट घेतो, त्यातला बराच वेळ रॅम तपासण्यात जातो आणि तोवर बोर्डावरची दोन आकड्यांची लाल पट्टी काहीबाही अंक दाखवत बसते. त्याला स्लीपमध्ये टाकले तर तो परत उठत नाही, बटण दाबून बंदच करावा लागतो, म्हणून मी ती सोय बंद करून टाकली. पुढच्या ऑडिओ जॅकमधून माऊस हलवला की खरखर येते. रिसाइझेबल बार ही नव्या ग्राफिक्स कार्डांना उपयोगी पडणारी सोय माझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये नाही. इंटेलचे आर्क कार्ड घ्यायचे मनात असेल तर एवढ्या एका कारणासाठी हा मार्ग सोडून द्यावा, कारण त्या कार्डांची कामगिरी या सोयीवाचून फार ढासळते. प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नाहीत, पण ते १२१००एफ मध्येही नाहीत, तेव्हा ती तक्रार दोघांबद्दल सारखीच.

ज्या गोष्टीने माझा निर्णय पक्का झाला ती वेगळी होती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या प्रोसेसरांच्या यादीत हा झिऑन बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे तेव्हाच जाहीर होते, तसा तो संपलाही. आडवाटेने विंडोज ११ बसवता येते, मी तसे बसवून पाहिलेही आहे. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना मूळ प्रणालीची खात्री करण्याची सोय) दोन्ही लागतात आणि माझ्या बोर्डावर टीपीएम नाही. पुढे २०२५ मध्ये आलेला बॅटलफील्ड ६ सुद्धा सिक्युअर बूटशिवाय सुरू होत नाही. फसवेगिरी रोखण्यासाठी गेम कंपन्या आता संगणकाच्या मुळाशीच खात्री करून घेऊ लागल्या आहेत, आणि कोणत्या तरी कारखान्यात ओढूनताणून लिहिलेल्या बायोसची तिथे पंचाईत होते. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणाऱ्या मुलाच्या हाती असे यंत्र देणे म्हणजे दर काही महिन्यांनी रात्री अकरा वाजता मामाचा फोन वाजणार, याची तजवीज करून ठेवणे होते.

म्हणून साताऱ्याला आय३ गेला. १७,८०० च्या मुख्य संचावर २०,५०० चे ग्राफिक्स कार्ड, ३,१०० चा एसएमपीएस, ३,३०० ची ५१२ जीबीची एसएसडी आणि २,४०० चे कॅबिनेट मिळून ४७,१०० झाले आणि उरलेल्या ९०० रुपयांत ताईने सर्ज प्रोटेक्टर व माऊसपॅड घेतले.

त्या जोडणीतही उणिवा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. चार कोअर आज कसेबसे पुरतात. सायबरपंकच्या गर्दीत आय३ चा वापर पूर्ण शंभर टक्क्यांना टेकतो आणि तिथे त्याचीही दमछाक होते. पाठीमागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील तर ती अधिकच जाणवते. एच६१० च्या बोर्डावर रॅमचे स्लॉट दोनच असल्याने वाढवायची म्हणजे आहे ती पट्टी काढायची. पण त्याच सॉकेटमध्ये पुढे बारावी ते चौदाव्या पिढीतला आय५ बसू शकतो, ही वाट मोकळी आहे, आणि झिऑनच्या वाटेचा शेवट तो घेतला त्या दिवशीच झालेला असतो. मला पुन्हा निवडायचे असते आणि ताईने चार हजार जास्त दिले असते, तर मी एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला असता : सहा कोअर, ४.४ गिगाहर्ट्झ, ३२ एमबी कॅशे आणि ६५ वॅट. संपादनाच्या कामासाठी माझ्या सहकाऱ्याकडे तो आहे आणि गेम व रेंडर या दोन्ही दगडांवर इतका सहज पाय ठेवणारा दुसरा प्रोसेसर त्या किमतीत माझ्या पाहण्यात नाही.

सर्व्हरच्या सामानाचाच आग्रह असेल, तर २६८० व्ही४ पेक्षा बऱ्या निवडी आहेत. ई५-१६५० व्ही३ मध्ये कोअर सहाच, पण टर्बो ३.८ गिगाहर्ट्झचा आणि मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) उघडा असल्याने तो आणखी चढवता येतो. गेमसाठी चौदा मंद कोअरपेक्षा हे सहा केव्हाही बरे. व्ही३ पिढीच्या प्रोसेसरांत बायोसमधला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या वागण्यातल्या दुरुस्त्यांचा छोटा प्रोग्रॅम) काढून सगळे कोअर टर्बोच्या कमाल वेगावर पळवण्याची एक युक्ती प्रसिद्ध आहे, ती व्ही४ वर चालत नाही; विक्रेते हे सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक व्ही३ चे व्हिडिओ पाहून व्ही४ घेऊन येते. मायक्रोकोड काढणे म्हणजे इंटेलने नंतर केलेल्या दुरुस्त्याही काढून टाकणे, आणि ज्या यंत्रावर यूपीआयचे व्यवहार किंवा बँकेचे खाते उघडायचे त्यावर मी स्वतः हे करणार नाही.

चिनी बोर्डाऐवजी एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन टी५८१० असा अख्खा जुना वर्कस्टेशन घेणे हा मला यातला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. बोर्ड मूळ कंपनीचा, बायोस सरळ, रॅमच्या चार वाहिन्या खऱ्याखुऱ्या, आणि झोपवला की उठतोसुद्धा. त्याचा एसएमपीएस आणि बोर्ड नेहमीच्या एटीएक्स मापाचे नसतात, म्हणून एखादा भाग बिघडल्यास बाजारातला कोणताही उचलून लावता येत नाही, आणि ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी आतल्या वीजजोडण्या मोजून घ्याव्या लागतात. रॅमसह धडधाकट वर्कस्टेशन पंधरा हजारांच्या आत मिळत असेल आणि खेळणाऱ्याचा पडदा ६० किंवा ७५ हर्ट्झचाच राहणार असेल, शिवाय टीपीएम मागणाऱ्या ऑनलाइन गेमची त्याला ओढ नसेल, तर मी त्याला नको म्हणणार नाही.

वर दिलेले भाव आता कोणी धरून बसू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव सगळीकडेच भडकले आणि जुनी सर्व्हर रॅमही त्यांच्या मागोमाग चढली, त्यामुळे नऊशेची पट्टी आज नऊशेला मिळणार नाही. स्वस्त रॅम हाच झिऑनच्या संचाचा खरा फायदा होता, म्हणून खरेदीच्या दिवशी आधी पट्ट्यांचा भाव विचारावा आणि मग प्रोसेसरकडे वळावे. या रजिस्टर्ड पट्ट्या आय३ किंवा रायझनच्या नेहमीच्या बोर्डांवर चालत नाहीत, हे अनेकांना घरी आल्यावर कळते.

गेल्या महिन्यात माझ्या एका सहकाऱ्याला रेंडरसाठी असाच झिऑनचा संच हवा होता म्हणून मी पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेलो. यावेळी पैसे देण्याआधी सॉकेटवर झाकण आहे की नाही ते पाहिले, बॅटरी मारून पिनांच्या ओळी दोन बाजूंनी तपासल्या, सगळे स्लॉट भरून संच काउंटरवरच चालू करायला लावला आणि बायोसमध्ये पूर्ण रॅम दिसेपर्यंत तिथून हललो नाही. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याने एक बोर्ड आपणहून परत ठेवून दुसरा काढला.